पन्नासहून जास्त वर्षांत घरात नांदलेल्या प्राण्यांची वही: जुने फोटो, सालं आणि कोण कुठला हे कसं लावावं?

अबोली_वाई

नमस्कार. आईसाठी (वय ७८) एक वही करायची आहे. १९६७ पासून आजपर्यंत घरात जे प्राणी नांदले त्या सगळ्यांची: फोटो, नाव, कधी आला, कधी गेला, कसा होता. १९८१ पर्यंत मुक्काम सातारा जिल्ह्यातल्या गावात, नंतर पुण्यात. आईच्या हिशोबाने तीन बैलजोड्या, एक गाय, सहा कुत्री, एक पोपट, लव्हबर्ड्स, काचेच्या भांड्यातले मासे आणि मोजदाद नसलेली मांजरं.

हाताशी असलेलं साहित्य: साधारण १४० फोटो. त्यातले ४० लहान चौकोनी काळेपांढरे, बाकी रंगीत आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले. काहींवर बुरशी आहे, दोन फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेत. शिवाय दोन चामडी पट्टे, एक पितळी बिल्ला, घुंगुरमाळ, लसीकरणाची कार्डं आणि बैल खरेदीच्या दोन-तीन पावत्या.

अडचणी अशा: फोटो खराब न करता स्कॅन कसे करायचे? साल कसं ठरवायचं? मोती नावाचे तीन कुत्रे होऊन गेलेत, कुठल्या फोटोत कुठला मोती हे कसं ओळखायचं? आणि आईला आठवतं पुष्कळ, पण दोन प्राण्यांच्या गोष्टी एकमेकांत मिसळतात. अर्ध्या तासात ती थकतेही. तिला न दमवता हे कसं काढून घ्यावं?

जुनी_पेटी

अबोलीताई, सगळ्यात आधी एक: काहीही सोडवायच्या, पुसायच्या आधी आहे त्या अवस्थेत प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढा. कुठल्या फोटोशेजारी कुठला होता, हाच पुढे साल लावायला मोठा पुरावा ठरतो. एकदा अल्बम उसवला की तो क्रम परत मिळत नाही.

स्कॅनिंगचे आकडे. चार बाय सहा इंची रंगीत फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) करा. त्याचे ३६०० गुणिले २४०० पिक्सेल होतात, छपाईला भरपूर. तुमचे चौकोनी काळेपांढरे बहुधा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याचे असतील. त्या १२० रोलवर बारा फोटो येत आणि प्रिंट बऱ्याचदा निगेटिव्हच्याच मापाचा, सव्वादोन इंच चौरस असे. ते १२०० डीपीआयला करा, म्हणजे कुत्र्याच्या तोंडावरच्या खुणा मोठ्या करून बघता येतील. निगेटिव्ह सापडल्या तर त्यांना प्रिंटच्या आधी मान द्या. ३५ मिमीच्या निगेटिव्हला २४०० ते ३२०० डीपीआय पुरे. काळेपांढरे फोटोसुद्धा रंगीत मोडवरच स्कॅन करा. डाग पिवळट असतात, ते नंतर वेगळे काढणं सोपं जातं. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न घटवणाऱ्या फाइलप्रकारात, ठेवा (चार बाय सहाची एक फाइल साधारण २६ एमबी होते) आणि नातेवाइकांना वाटायला जेपेग.

चिकट पानं: फोटो कोपऱ्याला धरून ओढू नका. कागद वाकला की वरच्या थराला भेग पडते आणि ती कायमची. मेण न लावलेला दातांचा दोरा घ्या, एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे न्या. दोरा अडला तर जोर लावायचा नाही, दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात करायची. तरीही येत नसेल तर फोटोभोवतीचं पान कापा आणि पानासकट ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा रंगीत फोटोंवर नकोच.

काचेला चिकटलेले दोन फोटो सोडवूच नका. फोटोचा वरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर दमटपणाने काचेवर बसलेला असतो. ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काच स्वच्छ पुसून, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या तिरप्या उजेडात तसाच फोटो काढा. प्रतिबिंब येत असेल तर काळ्या पुठ्ठ्याला मोबाईलच्या भिंगाएवढं भोक पाडून त्यातून काढा.

बुरशीला पाणी किंवा ओलं फडकं लावू नका. ओलाव्याने जिलेटिन फुगतं आणि बुरशी आत मुरते. असे फोटो आधी वेगळे काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत दोन-तीन दिवस कोरडे होऊ द्या (वीस लिटरच्या डब्याला १०० ग्रॅमच्या आसपास), मग गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. घरात झाडलं तर तेच कण बाकीच्या फोटोंवर बसतील. नारिंगी सिलिका जेल हिरवं झालं म्हणजे ओलावा भरला, ओव्हनमध्ये १२० अंशाला तापवून पुन्हा वापरता येतं. डांबरगोळ्या फोटोंच्या पेटीत ठेवू नका. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका, दिवाळीनंतर काढा.

गोठा_ते_गच्ची

मी पशुवैद्यक आहे, म्हणून ओळखीच्या बाजूने लिहितो.

नावावर विसंबू नका. आपल्याकडे मोती, टिपू, राजा, मनी ही नावं घरात वारशाने चालतात, तीन मोती हे काही वेगळं नाही. खुणा धरा. वहीत प्रत्येकाला नावाबरोबर क्रमांक द्या (मोती १, मोती २) आणि एका तक्त्यात चार गोष्टी लिहा: पांढरं कुठे कुठे आहे, कान उभे की मोडलेले, शेपटीचा वळसा डावीकडे की उजवीकडे, कायमचा व्रण. पंजाचा पांढरा मोजा कुठल्या पायाला किती वरपर्यंत, हे जन्मभर बदलत नाही. तोंडावरचं पांढरं मात्र दोन प्रकारचं. जन्मजात पट्टा असतो त्याची कड ठरलेली असते. वयाने आलेलं पांढरं हनुवटीपासून सुरू होऊन ओठांकडे, मग डोळ्यांभोवती पसरतं आणि त्याला कड नसते. या एका घोटाळ्यामुळे एकाच कुत्र्याची दोन कुत्री होतात. एक काळजी घ्या: निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलेला असेल तर डावं-उजवं बदलतं. माणसाच्या शर्टाची बटणं किंवा मागची पाटी बघून आधी फोटो सुलटा आहे याची खात्री करा.

पिल्लाचं वय फोटोवरून बऱ्यापैकी सांगता येतं. कुत्र्याचे दुधाचे दात तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात आणि सहा-सात महिन्यांत पक्के दात पूर्ण होतात. मांजराच्या पिल्लांचे निळे डोळे सहा-सात आठवड्यांपासून रंग बदलू लागतात. तांबूस, काळा आणि पांढरा असे तीन रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच; आई 'तिरंगी बोका' म्हणत असेल तर तिथे दोन मांजरं मिसळली असण्याचा संभव दाट. तांबूस पट्ट्यांचं मांजर मात्र बोका असण्याची शक्यता जास्त.

पोपटाच्या गळ्याला कंठ (रंगीत कडं) नाही म्हणून मादी लिहू नका. नराला कंठ दीड ते तीन वर्षांत कधीतरी येतो, त्याआधीचे फोटो मादीसारखेच दिसतात. खांद्यावर लाल डाग असेल तर तो पहाडी पोपट. आणि आपण ज्यांना लव्हबर्ड्स म्हणतो ते बहुतेक घरांत बजरीगार असत. चोचीच्या वरचा नाकपुड्यांचा भाग बघा: मोठ्या नराचा सहसा निळा, मादीचा तपकिरी. पांढरा झुपकेदार 'पॉमेरियन' असेल तर तो बहुधा इंडियन स्पिट्झ. आईच्या तोंडी जे नाव आहे तेच वहीत ठेवा, खाली बारीक अक्षरात जात लिहा.

आयुष्याची गणितं पडताळायला वापरा. बजरीगार पाच ते दहा वर्षं, घरातलं मांजर बारा ते अठरा, मध्यम चणीचा कुत्रा दहा ते चौदा, पोपट वीस-पंचवीस किंवा थोडा जास्त. 'मनी पंचवीस वर्षं होती' असं आलं की मायलेकी दोघी मनी होत्या का, हे विचारा. काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश 'पाच वर्षं' टिकला असेल तर तोही एकच होता का हे बघा. त्या भांड्यात गाळण नसल्याने माशांच्या विष्ठेतला अमोनिया साचतो, आणि बहुतेक मासे काही महिन्यांतच जात. घरचे मोठे नवा आणून सोडत.

आजाराच्या नोंदीत आजची नावं जुन्या काळावर चिकटवू नका. पार्व्हो हा कुत्र्यांचा विषाणू जगात १९७८ मध्ये ओळखला गेला. गावाकडचं पिल्लू १९७० मध्ये रक्ती हगवणीने गेलं असेल तर तिथे पार्व्हो लिहिणं चूक. तो अंकुशकृमी (आतड्यातले जंत) असेल, डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) असेल, विषारी काही पोटात गेलं असेल. 'रक्ती हगवण होऊन तीन दिवसांत गेला' एवढंच लिहा, तेच खरं आहे. डिस्टेंपरमधून लहानपणी वाचलेल्या कुत्र्याच्या पक्क्या दातांवर कधीकधी खाचा, तपकिरी पट्टे दिसतात आणि एखादा स्नायू जन्मभर फडफडत राहतो. तशी आठवण आई सांगत असेल तर ती मोलाची खूण आहे.

माणदेशी

बैलांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

पावतीवर किंवा आईच्या बोलण्यात 'आदत', 'दुसा', 'चौसा', 'जुळलेला' यातला शब्द शोधा. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात. दुसा म्हणजे दोन पक्के दात, वय दोन ते अडीच वर्षं. चौसा तीनच्या आसपास, सहा दाती साडेतीन ते चार, आणि सगळे दात आले, जुळला, की साडेचार ते पाच. म्हणजे १९७१ च्या पावतीवर दुसा असेल तर जन्म १९६८-६९ चा. जुळल्यानंतर दातावरून वय अंदाजेच, दात किती झिजले त्यावर.

रंगवलेली शिंगं, झूल आणि बाशिंग असलेला फोटो म्हणजे सणाचा दिवस, पण कुठला सण ते गावावरून ठरवा. बऱ्याच महाराष्ट्रात पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. तुमच्या सातारा भागात आणि त्याच्या दक्षिणेला बेंदूर आषाढात, म्हणजे जून-जुलैच्या आसपास. मागचं शिवार बघा: पीक गुडघ्याएवढं आहे की कमरेच्या वर, त्यावरून पक्कं होईल.

बैलांची ओळख शिंगांवरून. खिलार जातीच्या बैलाची शिंगं लांब, मागे जाऊन वर वळलेली. दोन्हींच्या वळणात फरक असतो आणि तो कायम राहतो. जोडीतला कोण डावीकडे जुंपला जाई आणि कोण उजवीकडे हे आईला विचारा. बहुतेक बैल एकाच बाजूला चालायचे, त्यामुळे गाडीच्या फोटोत सर्जा कोण नि राजा कोण हे लगेच निघतं.

रोगांची नावं तिच्या तोंडची ठेवा: बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत. बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ आता जगातूनच गेली (२०११ मध्ये तशी घोषणा झाली), तेव्हा नातवंडांसाठी तिथे एक ओळ समजुतीची लिहा.

अबोली_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पांढऱ्या कडेची युक्ती लगेच वापरली: मोती २ आणि मोती ३ म्हणून ठेवलेले चार फोटो एकाच कुत्र्याचे निघाले, पुढच्या उजव्या पायाचा मोजा जुळला.

आता दोन शंका. काही रंगीत फोटोंच्या कोपऱ्यात १९८७ चा १ जानेवारी छापलाय, तोही वेगवेगळ्या ऋतूंत. आणि आईला साल विचारलं की ती गप्प होते, उगाच वाईट वाटून घेते.

कालगणना

कोपऱ्यातली ती तारीख सोडून द्या. बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ मूळ तारखेवर जायचं आणि कोणी परत लावायचं नाही. फोटो त्या तारखेच्या नंतरचे आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

आईला साल विचारूच नका. घर विचारा, माणूस विचारा, घटना विचारा. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गोठ्यात कोण होतं?' (११ डिसेंबर १९६७). 'दुष्काळात वैरण नव्हती तेव्हा कुठली जोडी होती, की विकली होती?' (१९७२). आणीबाणी, म्हणजे जून १९७५ ते मार्च १९७७. इंदिराजी गेल्या, ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. गणपती दूध प्यायले तो दिवस तर बायकांना हमखास आठवतो, २१ सप्टेंबर १९९५. यातल्या प्रत्येक दिवशी 'तेव्हा दारात कोण भुंकायचं?' असं विचारत गेलात की दोन घटनांच्या मध्ये एकेक प्राणी आपोआप बसतो. मग मुलांच्या इयत्ता: 'हा आला तेव्हा दादा कितवीत होता?' इयत्तेवरून साल काढणं सगळ्यात खात्रीचं.

'चावलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घेतली' अशी आठवण आली तर ती २००४ च्या आधीची किंवा फार तर त्या वर्षाची. तेव्हाची मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस भारतात त्यानंतर वापरातून गेली.

फोटोतल्या खुणा: मागे गाडी असेल आणि पाटीवर एमएच ११ किंवा एमएच १२ असा जिल्ह्याचा क्रमांक असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. भिंतीवर कालनिर्णय असेल तर १९७३ किंवा नंतरचा. दिनदर्शिकेचं पान वाचता येत असेल तर वार आणि तारीख जुळवा, पण तेवढ्यावर थांबू नका. १९७५, १९८६ आणि १९९७ या तिन्ही वर्षांचे वार-तारखा सारख्याच आहेत. पौर्णिमा-अमावास्येच्या खुणा बघितल्या की तिन्हींतलं एक उरतं.

पितळी बिल्ला भिंगाखाली धरा. नगरपालिकेच्या कुत्र्याच्या परवान्याचा असेल तर त्यावर क्रमांक आणि बऱ्याचदा सालही ठोकलेलं असतं. ब्रासोने घासू नका, ठसा उथळ असेल तर अक्षरं जातील. कोरडा मऊ ब्रश फिरवा आणि टॉर्चचा उजेड अगदी आडवा पाडा, आकडे सावलीने उठून दिसतात. लसीच्या कार्डावर डॉक्टरांची तारीख पुसट असेल तर चिकटवलेल्या लेबलावरची वापरमुदत वाचा. लस त्याच्या आधीच्या वर्ष-दोन वर्षांत टोचलेली असते.

वहीत तीन प्रकारे साल लिहा: पक्कं असेल तर '१९८४', अंदाज असेल तर '१९८४ च्या सुमारास', आणि फक्त मर्यादा ठाऊक असेल तर '१९८१ नंतर, १९८४ च्या आधी'. अंदाजाला पक्क्याचा वेष चढवला की पुढच्या पिढीला ते दुरुस्त करता येत नाही.

गोठा_ते_गच्ची

आईबद्दल थोडं. एका बैठकीला वीस मिनिटं, एकच प्राणी, तीन-चार फोटो पुरेत. सकाळच्या चहानंतर बसा. मोबाईलचा रेकॉर्डर चालू ठेवा आणि लिहीत बसू नका, समोरचा लिहायला लागला की माणूस आवरतं घेतो. मरणापासून सुरुवात करू नका. कोण भाकरी घालायचं, कुठे झोपायचा, कुणाला घाबरायचा, कशाने चिडायचा, हाका मारायची तऱ्हा कशी होती, हे विचारा. आई ज्या आवाजात त्याला बोलवायची ती हाक स्वतंत्र रेकॉर्ड करून ठेवा. गेल्याची गोष्ट तिची ती सांगेल तेव्हाच घ्या, आणि ती रडली तर रेकॉर्डर बंद करून हात धरून बसा. त्या दिवशी पुढचा प्रश्न नाही.

एक धोक्याची सूचना. वहीत 'दूधभाकरी, सुकट, पुरणपोळी खायचा' असं येईल, ते येऊ द्या, तो तेव्हाचा व्यवहार होता. पण घरात आज कुत्रं असेल तर मुलांना सांगा की कांदा, मनुका आणि चॉकलेट त्याला विषारी आहे. पोपटाच्या पानावरही एक ओळ टाका: आपले देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आज ते पाळता येत नाहीत.

सध्याच्या प्राण्याचं पान आजच सुरू करा. चारही बाजूंनी फोटो, दर महिन्याचं वजन, लसीचा बॅच क्रमांक, चिप असेल तर तिचा पंधरा आकडी क्रमांक. आणि सोनोग्राफीचे प्रिंट, रक्ततपासणीच्या गुळगुळीत चिठ्ठ्या आधी स्कॅन करा. तो उष्णतेवर उमटणारा कागद असतो, काही वर्षांत कोरा होतो.

जुनी_पेटी

वस्तूंचं राहिलं. चामड्याचा पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घाम धरून बुरशी येते. पितळी बक्कल जिथे चामड्याला टेकतं तिथे हिरवा मेणचट थर येतो. तो लाकडी काडीने खरवडा आणि मध्ये सुती कापडाचा तुकडा घाला. केसांचा पुंजका असेल तर कागदी पाकिटात, कसर लागते म्हणून वर्षातून एकदा उघडून बघा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचा ठसा पुढे उमटतो. माहिती पाकिटावर लिहा.

फाइलचं नाव सालापासून सुरू करा: '१९८४_मोती२_अंगण_०१'. आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेवा, मिसळले तर क्रम बिघडू शकतो. नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो आणि मूळ तारीखही जाते. व्हॉट्सॲपच्या फाइलनावात दिसते ती तारीख फोटो काढल्याची नसते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या घरी.

छपाईला देताना फोटो छापील मापाला ३०० डीपीआय, बांधणीच्या बाजूला १५ मिमी मोकळी जागा, आणि आईला वाचता यावं म्हणून अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. पिन मारून बांधणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत बसवा. मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि छापखाना जुन्या फाँटवर काम करत असेल तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून फाँट आत बसवलेली पीडीएफच द्या आणि एक पान आधी छापून 'श्र', 'र्‍य', 'ॲ' तपासा. प्रत्येक प्राण्यानंतर अर्धं पान कोरं सोडा. छापून आलेली वही हातात पडली की आईला आणखी आठवणार आहे, ते तिच्याच अक्षरात तिथे लिहून घ्या.